सायकल मार्ग कुठून जावा, हे विचारायचं कोणाला?

फ्रीव्हील:
पुण्याचा सायकल आराखडा २०१७ च्या डिसेंबरमध्ये महापालिकेच्या मुख्य सभेत मंजूर झाला. आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं, खर्च सव्वातीनशे कोटींच्या वर. त्याआधी मसुदा लोकांपुढे ठेवला होता, हरकती-सूचना मागवल्या होत्या, प्रश्नावल्याही भरून घेतल्या होत्या. तेव्हा 'लोकांना विचारलंच नाही' असं म्हणायची सोय नाही. माझा प्रश्न आहे, विचारलं कोणाला?

आमच्या सोसायटीचा वॉचमन रात्रपाळी संपली की सिंहगड रस्त्याने सायकलवर धायरीला जातो. रोज, पावसातसुद्धा. पाणी कुठे तुंबतं, बस कुठे अंगावर येते, कुठल्या सिग्नलला उतरून सायकल हातात धरावी लागते, हे त्याला पाठ आहे. सभा भरतात तेव्हा तो झोपलेला असतो. आखणी त्याच्यापासून सुरू व्हायला हवी. सगळा नकाशा काढून मग 'हरकती असल्यास कळवा' म्हणायचं, म्हणजे पान वाढून झाल्यावर 'तिखट चालतं ना?' विचारायचं.

नळस्टॉपचा कोपरा:
विचारणं पुरे झालं आता. असल्या सभांना कोण येतं? ज्यांना वेळ आहे ते. त्यातले निम्मे 'आमच्या दारातलं पार्किंग जाणार का' एवढंच विचारून चहा पिऊन जातात. सायकल मार्ग कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं (रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) मार्गदर्शन १९६२ पासून आहे, २०१५ मध्ये सुधारलंय. रुंदी, उतार, चौक कसा ओलांडायचा, सगळं लिहिलेलं आहे. पुलाचा खांब कुठे उभारायचा हे कोणी जनतेला विचारतं का?

हेगमध्ये १९७० च्या दशकात नमुन्यादाखल सायकल मार्ग केला, तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता. त्यांच्या कौलावर सोडलं असतं तर आज नेदरलँड्सचं नाव आपण कशाला घेतलं असतं? आणि स्पेनच्या सेव्हिलने दोनेक वर्षांत ऐंशीएक किलोमीटर मार्ग एका दमात करून टाकला. जाळं असं सलग झालं तरच कामाचं.

पेठेतली सून:
सेव्हिलचं उदाहरण उलटं पडलं की हो तुमचं. तिथे लोकांना अर्थसंकल्पात काय हवं ते विचारलं, तेव्हा सायकल मार्गाची मागणी लोकांनीच लावून धरली होती. मग महापालिकेला धीर आला.

आपल्याकडेही २००६ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामं मागवतात. पण ती प्रभागापुरती. बाकडी, पेव्हर ब्लॉक, दिशादर्शक फलक. सायकल मार्ग तीन-चार प्रभागांतून जातो, तो कुठल्या अर्जात बसवायचा?

डबलसीट:
आधी एक ट्रॅक सलग दोन किलोमीटर चालवून दाखवा, पायउतार न होता. मग सहभागावर बोलू.

फ्रीव्हील:
@डबलसीट, तेच तर म्हणतोय. २००६ च्या सुमारास बीआरटीबरोबर (बससाठी वेगळी लेन) सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यालगत ट्रॅक झाले. कागदावर रेघ सरळ. प्रत्यक्षात मध्येच झाड, पुढे विजेचा डीपी, मग बसथांबा, आणि ट्रॅक जिथे संपतो तिथून सायकलवाल्याने जायचं कुठे, हे कोणी काढलेलंच नाही. @नळस्टॉप, पुस्तकात रुंदी मिळेल हो. डीपी कुठे आहे हे पुस्तकात नसतं.

मला सभा नकोतच. सकाळी सातला कनिष्ठ अभियंत्याने पाच सायकलवाल्यांबरोबर तोच रस्ता सायकलने करावा. 'मार्ग हवा की नको' असं विचारलं की लोक भांडतात, 'कुठे अडतं' विचारलं की बोट दाखवतात. आणि टेबल टाकायचंच तर पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे टाका. ज्यांना विचारायचंय ते सगळे तिथे कधी ना कधी थांबतात.

पेठेतली सून:
कल्पना छान, पण अर्धीच. पंक्चरवाल्याकडे कोण येणार? जे आत्ता सायकल चालवतात ते. माझी मुलगी सातवीत आहे. शाळा दीड किलोमीटरवर, सायकल जिन्याखाली धूळ खातेय. मध्ये एकच चौक असा आहे की मी तिला सोडायला धजत नाही, म्हणून रोज स्कूटर काढते. तुमच्या वॉचमनदादांना त्रासाची सवय झालीय, ते म्हणतील 'चालतंय'. जाळं तर न चालवणाऱ्यांसाठीही आहे ना? मला कोणी विचारलं नाही आणि मी कुठल्या पंक्चरच्या दुकानात जाणारही नाही. शाळेच्या पालकसभेत या.

फ्रीव्हील:
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मान्य. वॉचमनला विचारलं तेव्हा तो खरोखर 'चालतंय साहेब' असंच म्हणाला होता. अर्धा तास त्याच्याबरोबर चाललो तेव्हा बाकीचं बाहेर आलं.

गल्लाबंद:
मी दुकानदार, म्हणजे इथला खलनायक. माझ्या दुकानात कामाला येणारी दोन्ही पोरं सायकलवर येतात, त्यामुळे सायकलशी माझं वाकडं नाही. माझा माल सकाळी नऊला उतरतो, पंधरा मिनिटं टेम्पो दारात लागतो. नकाशात ती पंधरा मिनिटं कुठे आहेत? तेवढं आधी विचारलं असतं तर मी कशाला हरकतीचा अर्ज लिहीत बसलो असतो? न विचारता आखलात, तर टेम्पो ट्रॅकवरच उभा राहणार. धमकी नाही, दुसरी जागाच नाही.

नळस्टॉपचा कोपरा:
बघा, एकाला चौक, एकाला टेम्पो, एकाला डीपी. सगळ्यांचं ऐकून जे उरेल ते पुन्हा तुकड्यातुकड्यांचंच. आणि ऐकलेलं लक्षात कोण ठेवणार? क्षेत्रसभांची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद कायद्यात २००९ मध्ये आली, तुमच्या भागात एक तरी भरलेली पाहिलीत? २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होता. ज्या अभियंत्याला तुम्ही सकाळी सातला सायकलवर बसवणार, त्याची सहा महिन्यांत बदली. नवा येणार, पुन्हा पहिल्यापासून 'कुठे अडतं?'

माझं म्हणणं, कुठून कुठे जायचं हे तज्ज्ञांनी ठरवावं आणि त्यावर चर्चा नाही. टेम्पो, डीपी, शाळेचा चौक यावर वाटेल तेवढी चर्चा करा.

फ्रीव्हील:
म्हणजे निम्मं माझंच म्हणणं झालं की! फक्त 'कुठून कुठे' हे तज्ज्ञाला तरी कसं कळणार? धायरीला किती जण सायकलवर जातात, हे गाडीत बसून मोजत नाहीत.

डबलसीट:
ड्रोनने मोजतील 😄

गल्लाबंद:
माझ्या शेजारीच पंक्चरवाला आहे. स्टूल-टेबल मी देतो, चहा पण. पण माझी पंधरा मिनिटं नकाशात पाहिजेत.

नळस्टॉपचा कोपरा:
आणि त्या पंधरा मिनिटांचे दोन तास झाले तर?

गल्लाबंद:
तर फोन करा. नंबर पाटीवर आहे. फक्त एक ते चार करू नका.