ग्वेन स्टेसीला चित्रपटाने ‘न्याय’ दिला, हे मला मान्य नाही

पिंपळपान

परवा इथे एका सदस्याने लिहिले की ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ या कॉमिकमधली ग्वेन, म्हणजे पीटर पार्करची (मुखवट्यामागचा स्पायडरमॅन तोच) प्रेयसी, ही शोभेची बाहुली होती आणि २०१२ व २०१४च्या त्याच नावाच्या चित्रपटांनी तिला बुद्धी, मत आणि न्याय असे तिन्ही एकदम देऊन टाकले. खाली कौतुकाची रांग लागलेली पाहून राहवले नाही, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे.

बुद्धी दिली, हे कबूल. पडद्यावर ग्वेन झालेल्या एमा स्टोनने काम उत्तम केले, हेही कबूल. परंतु ती भूमिका चांगली वठली म्हणजे ती प्रेमकथा सुधारली, हे गणित मला पटत नाही. एकच प्रसंग घ्या. १९७०च्या ९०व्या अंकात ग्वेनचे वडील, पोलीस कॅप्टन स्टेसी, कोसळत्या विटांखालून एका लहान मुलाला वाचवताना स्वतः गाडले जातात. स्पायडरमॅन त्यांना उचलून नेतो, तेव्हा ते त्याला ‘पीटर’ अशी हाक मारतात, म्हणजे त्यांना सारे ठाऊक असते, आणि ग्वेनला सांभाळ, असे सांगून प्राण सोडतात. २०१२च्या चित्रपटात हेच कॅप्टन मरताना पीटरकडून नेमके उलटे वचन घेतात, की माझ्या मुलीपासून दूर राहा. कॉमिकमधला बाप मुलगी पदरात घालतो, चित्रपटातला बाप ती काढून घेतो.

यातून पुढचे सगळेच बदलते. कॉमिकमधली ग्वेन वडिलांच्या मृत्यूचा दोष स्पायडरमॅनला देते आणि रडायला मात्र पीटरच्या खांद्यावर येते. ज्याचा द्वेष करते त्याच्यावरच तिचे प्रेम आहे, हे तिला ठाऊक नाही आणि त्याला सांगता येत नाही. वाचकाने हे महिनोन्महिने सोसले आहे. चित्रपटात पीटर गच्चीवर जाळ्याचा दोर तिच्या कमरेला लावून तिला जवळ ओढतो आणि गुपित तिथेच संपते. दृश्य देखणे आहे, नाही म्हणत नाही. पण डिसेंबर १९६५च्या अंकात आलेली ग्वेन जून १९७३च्या १२१व्या अंकात गेली, म्हणजे साडेसात वर्षे. दोन्ही चित्रपट मिळून साडेचार तासांहून थोडे अधिक भरतात. तेवढ्यात दोघांमधले अज्ञान पिकायला वेळच मिळत नाही, म्हणून पटकथेने ते मुळातच काढून टाकले आणि त्या जागी वचनभंग आणून बसवला.

आणि मृत्यू? कॉमिकमध्ये ती पुलावरून पडते, त्याचा दोर तिला पकडतो, आणि तिच्या मानेजवळ ‘स्नॅप’ असा एक छोटासा ध्वनिशब्द छापलेला दिसतो. त्याने वाचवले म्हणून ती गेली असावी, ही शंका त्याला जन्मभर पुरते. चित्रपटात ती शंका पातळ होऊन ‘वचन मोडलेस, आता भोग’ एवढाच अर्थ हाती राहतो.

रेवा_उत्तरते

आपण ज्याला ‘अज्ञान पिकणे’ म्हणता, त्याला मी साध्या मराठीत फसवणूक म्हणते. साडेसात वर्षे एक मुलगी प्रेम करते आणि आपण नेमके कोणावर प्रेम केले हे न कळताच मरते. वाचकाला कळते, लेखकाला कळते, मरणाऱ्या बापाला कळते, फक्त तिलाच कळत नाही. १२१व्या अंकात तर ती पुलावर बेशुद्ध पडलेली असते. स्वतःच्या मृत्यूच्या प्रसंगात तिच्या तोंडी एक वाक्य नाही. ही प्रेमकथा त्या दोघांची नाही, एकट्या पीटरच्या अपराधी भावनेची आहे, आणि ग्वेन तिथे केवळ कारण म्हणून येते.

चित्रपटात तो तिला सुरक्षित ठेवण्यासाठी तिचा हात जाळ्याने गाडीला चिकटवून निघून जातो. ती ते जाळे कापते, वीजकेंद्रात पोहोचते आणि हा निर्णय माझा आहे, असे त्याला तोंडावर सुनावते. वीजपुरवठा पुन्हा सुरू कसा करायचा हे त्याला नव्हे, तिला ठाऊक असते. ती मरते, पण स्वतःच्या पायांनी तिथे गेलेली असते.

माझा अनुभव सांगते, मग कोणाला वैयक्तिक वाटो वा न वाटो. माझे लग्न ठरले, तेव्हा समोरच्या मुलाने नोकरी गेल्याची गोष्ट चार महिने लपवली. कळल्यावर त्याने दिलेले कारण हेच होते की ‘तुला त्रास होऊ नये म्हणून’. मी ते लग्न मोडले. तेव्हापासून प्रेयसीच्या भल्यासाठी गुपित राखणाऱ्या कोणत्याही नायकाबद्दल मला कणव वाटत नाही, मग त्याला भिंतीवर चढता येत असले तरीही.

सोलापूरचे मास्तर

वादात पडण्यापूर्वी एक दुरुस्ती. ज्याला सगळे सरसकट ‘तो पूल’ म्हणतात, त्याचे नाव मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन पूल असे आहे, पण चित्र ब्रुकलिन पुलासारखे दिसते. २००२च्या चित्रपटात हाच प्रसंग क्वीन्सबरो पुलावर नेला आणि ग्वेनऐवजी पीटरची दुसरी मैत्रीण मेरी जेन हिला खाली सोडले.

दुसरे म्हणजे, ती दोराच्या झटक्याने गेली यात शंका धरण्याचे कारण नाही. संपादकांनी पुढे पत्रव्यवहाराच्या पानावर तसेच उत्तर दिले आहे. मी अकरावीला हे गणित दरवर्षी घालतो. समजा, ती ९० मीटर पडली. वेग सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर होतो. दोराने तिला अर्ध्या सेकंदात थांबवले, तर गुरुत्वत्वरणाच्या साडेआठ पट मंदन सोसावे लागते, आणि तेही मानेला आधार नसताना. वर्गात एरवी पेंगणारी मुलेही या गणिताला जागी असतात. २०१४च्या चित्रपटवाल्यांनी मात्र पुलाऐवजी तिला घड्याळाच्या मनोऱ्यात पाडून, चक्रांचा खडखडाट करून हे सुंदर भौतिकशास्त्र वाया घालवले. घड्याळ १ वाजून २१ मिनिटांवर थांबवून १२१व्या अंकाला नमस्कार तेवढा केला आहे.

देनकालीचा हरकारा

ग्वेनसाठी इतके अश्रू ढाळणाऱ्यांपैकी एकालाही वेताळाच्या प्रेयसीची, डायना पामरची, आठवण होऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपली पिढी वाढली ती इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर, म्हणजे मुखवटाधारी ‘फँटम’वर; या कोळ्याची, म्हणजे स्पायडरमॅनची, ओळख आपल्याला नंतर झाली. १९३६ साली वेताळ आला तो डायनाला घेऊनच, आणि त्यांचे लग्न झाले १९७७ साली. एक्केचाळीस वर्षे! साडेसात वर्षांचे कौतुक आम्हाला सांगू नये. मधल्या काळात डायनाची आई दुसरा जावई शोधत राहते, डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरी करते, आणि हा गडी कवटीच्या गुहेत तिच्या पत्रांची वाट पाहतो.

आणि वेताळावरच्या १९९६च्या चित्रपटाने काय केले? शेवटी डायना स्वतःच त्याचे गुपित ओळखते. तो म्हणतो, हे मी फक्त जिच्याशी लग्न करणार तिलाच सांगू शकतो. आणि एवढे बोलून विचारतच नाही! ती न्यूयॉर्कला परत जाते आणि वेताळाच्या मेलेल्या बापाचा आत्मा पोराच्या नादानपणाबद्दल हळहळतो. ज्याचे लग्न होऊन एकोणीस वर्षे लोटली होती, त्याला चित्रपटाने पुन्हा ब्रह्मचारी केले. यावर धागा कोणी काढायचा?

पिंपळपान

हरकारेसाहेब, तो धागा आपण काढावा. येथे ग्वेनविषयी चालले आहे.

रेवाताईंना उत्तर. आपल्या अनुभवाविषयी आदर आहे, परंतु नोकरी गेल्याचे लपवणे आणि शत्रूंपासून जीव वाचवण्यासाठी नाव लपवणे ही एकच गोष्ट नव्हे.

रेवा_उत्तरते

ज्याच्यापासून लपवले जाते त्याच्या बाजूने पाहिले, तर अगदी एकच गोष्ट आहे. आणि जीव वाचला का? नाही ना?

अनुवादिनी

हरकाऱ्यांचा मुद्दा वाटतो तितका अवांतर नाही, कारण वेताळ असो वा कोळी, मुखवट्याच्या प्रेमकथेत मराठी माणसाला एक प्रश्न पडतो, जो इंग्रजी वाचकाला कधीच पडत नाही. नायिका त्याला ‘तू’ म्हणते की ‘तुम्ही’?

मी काही वर्षे संवादांच्या भाषांतराचे काम केले आहे. मुखवटाधारी नायकाची एक मालिका हाती आली, तेव्हा मी ठरवले की नायिका वर्गातल्या मित्राला ‘तू’ म्हणेल, मुखवट्यातल्या अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हणेल, आणि ज्या क्षणी तिला संशय येईल त्या क्षणी तिची जीभ ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरेल. प्रेक्षकाला गुपित फुटल्याचे एका सर्वनामाने कळेल. काम देणाऱ्या संस्थेने ‘तरुणांची भाषा हवी’ असा शेरा मारून सगळीकडे ‘तू’ करून टाकले. त्या रात्री मी जेवले नाही, हे कोणाला हास्यास्पद वाटेल, पण खरे आहे.

आता २००२च्या चित्रपटातले पावसातले उलटे चुंबन आठवा. मेरी जेन त्याचा मुखवटा नाकापर्यंतच खाली सोलते आणि थांबते. त्या क्षणी मराठीत ती काय म्हणेल? ‘तुम्ही’ म्हटले तर चुंबन अवघडते, ‘तू’ म्हटले तर गुपित आधीच फुटते.

देनकालीचा हरकारा

आमच्या घरी याचा निकाल आजीने केव्हाच लावला होता. आई इंग्रजी इंद्रजाल हातात घेऊन तिला वाचता वाचता मराठीत सांगत असे. लग्नाच्या गोष्टीपर्यंत डायना वेताळाला ‘तू’ म्हणायची. लग्न लागले, तशी आजीने आईला तंबी दिली, “आता नवरा आहे तो तिचा, ‘अहो’ म्हणायला सांग तिला.” त्यानंतर आमच्या घरात डायना शेवटपर्यंत ‘अहो, जरा घोडा बाहेर काढता का’ असेच बोलत राहिली.

रेवा_उत्तरते

आजीच्या आठवणीत गोडवा आहे, हे मान्य. पण एक्केचाळीस वर्षे वाट पाहून संयुक्त राष्ट्रांतल्या बाईला शेवटी मिळाले काय, तर ‘अहो’! आपण सगळे मिळून पुन्हा तेच करत आहात. स्त्रीने पुरुषाला काय म्हणावे यावर इथे इतके प्रतिसाद पडले, आणि तिला खरे काय ते सांगितले जावे की नाही, या मूळ प्रश्नावर कोणी काहीच बोलत नाही.

सोलापूरचे मास्तर

माझी पत्नी मला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून ‘अरे’ म्हणते. त्याने संसाराचे गुरुत्वमध्य ढळलेले नाही.

अनुवादिनी

रेवा, राग समजतो, पण माझा मुद्दा नेमका तोच आहे. भाषेत नाते दिसते, म्हणून लपवाछपवी मराठीत अधिक अवघड होते. चित्रपट गुपित लवकर फोडतो, ते काही स्त्रीदाक्षिण्यामुळे नव्हे. पडद्यावर मुखवटा घातला की महागड्या नटाचा चेहराच दिसत नाही आणि प्रेमप्रसंगात चेहरा लागतो. कागदावर मुखवट्याचे डोळेसुद्धा चित्रकार हवे तसे बारीक-मोठे करतो. पडद्यावर शेवटी मुखवटा काढावाच लागतो.

पिंपळपान

चेहऱ्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी वेळेला दोष देत होतो. काही दोष कापडाचाही दिसतो.

रेवा_उत्तरते

म्हणजे चित्रपटाने ते नाइलाजाने केले, पण बरे केले, इतके तरी म्हणाल की नाही? आणि कॉमिकच्या पावित्र्याविषयी बोलायचेच असेल, तर १९८७ साली पीटर आणि मेरी जेनचे लग्न लावणाऱ्या त्याच कॉमिकने २००७च्या कथेत ते लग्न सैतानाशी सौदा करून पुसून टाकले, हेही सांगा. ग्वेनला मारणारे लेखक जेरी कॉनवे यांनी पुढे मान्य केलेच आहे की त्यांना मेरी जेन अधिक रंजक वाटत होती. बाहुली हा शब्द माझा नसेल, पण कंटाळा लेखकाचाच होता.

पिंपळपान

सैतानाच्या सौद्याचे समर्थन मी कुठल्याही जन्मी करणार नाही. आणि बरे, ग्वेनला शेवटच्या प्रसंगात बोलायला मिळायला हवे होते, हेही लिहून देतो. आपले समाधान होत असेल तर चौकटीत लावून घ्या. पण चित्रपटाकडे नाही, असे एक कॉमिकमध्ये आहे, ते सांगतो आणि थांबतो.

रद्दीच्या दुकानात मला १२२वा अंक १२१व्याच्या आधी मिळाला. ग्वेन कशी गेली हे ठाऊक नसताना मी तिच्यानंतरचे पान वाचले. अंधाऱ्या खोलीत पीटर बसला आहे, मेरी जेन सांत्वन करायला येते, तो तिला वाट्टेल ते बोलतो, तुझी आई मेली तरी तुला दुःख होणार नाही, इथपर्यंत. ती रडवेली होऊन दाराशी जाते, कडीवर हात ठेवते, थांबते, आणि दार आतून लावून घेते. तोवर ती उडाणटप्पू, पार्ट्यांना जाणारी मुलगी होती. २००२च्या चित्रपटाने ग्वेनचा पूल मेरी जेनला दिला आणि तिला वाचवलेही, पण ग्वेन आधी गेलेलीच नसल्यामुळे हे दार लावायला जागाच उरली नाही. दोन मुलींची कथा एकीच्या अंगावर शिवली, आणि मला सर्वांत प्रिय असलेले पान शिलाईत गेले.

अनुवादिनी

त्या शेवटच्या चित्रांत ती काही बोलते का?

पिंपळपान

एक शब्दही नाही. फक्त दाराचा ‘क्लिक’.

अनुवादिनी

मग तिथे माझी गरज नाही.

रेवा_उत्तरते

हे पान चांगले आहे. ग्वेनला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही, एवढे नोंदवून ठेवते.

देनकालीचा हरकारा

१९९६च्या चित्रपटात वेताळाने डायनाला विचारले का नाही, याचे उत्तर अद्याप कोणीही दिलेले नाही.