आठवीतल्या मुलीचा निकाल कसा वाचायचा? घरात रोज वाद, मदत हवी आहे

पारोळ्याची सून

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते कमी. पारोळा तालुक्यात राहते. घरी कोरडवाहू कापूस, शिवाय यजमानांचं खतांचं छोटं दुकान. मुलगी आठवीत आहे, अनुदानित मराठी शाळेत.

मागच्या आठवड्यात वेचणीवाल्या बायांसाठी भाकरी करायला बसले, तर कळण्याच्या पिठाच्या डब्याखाली एक कागद सापडला. आठ घड्या घातलेला. उघडला तर लेकीचं प्रथम सत्राचं प्रगतिपत्रक. गणितात ब-2. मागच्या वर्षी अ-2 होतं. मला म्हणाली होती, शाळेतून अजून दिलंच नाही. खोटं बोलणारी पोर नाही ही, म्हणून श्रेणीपेक्षा त्या घड्यांचंच जास्त वाईट वाटलं.

दुसरा कागद क्लासचा. एनएमएमएस शिष्यवृत्तीसाठी (आठवीच्या मुलांची सरकारी परीक्षा असते ती) जूनपासून क्लास लावलाय, दर रविवारी सराव परीक्षा असते. त्यावर छापलंय: गुण 97/180, पर्सेंटाइल 58.50, क्रमांक 416, एकूण विद्यार्थी 1000. ही यादी पालकांच्या ग्रुपवर नावानिशी येते. दिराच्या मुलाचा क्रमांक 52. त्यामुळे यादी आली की आमच्या घरात आधी तेच नाव शोधलं जातं, मग हिचं.

यजमानांचं म्हणणं, अ वरून ब वर आली आणि क्लासात 58 टक्के, म्हणजे घसरलीच. परवा बोलून गेले, "मग चल उद्यापासून वेचायला." सासऱ्यांनी कुठेतरी ऐकलं की आठवीत आता नापास करतात. ते मला रोज विचारतात, "मनी नात नापास व्हयनी का?"

आणि तिचं पोट दुखतं. फक्त रविवारी सकाळी. सोमवारी शाळेत व्यवस्थित जाते. शेवभाजी म्हणजे जीव की प्राण, पण शनिवारी रात्री ताटात तशीच राहते. यजमान म्हणतात नाटक आहे.

मी बारावी शिकलेली आहे, पण हे कागद मला खरंच लागत नाहीत. ब-2 म्हणजे वाईट का? 58.50 चा अर्थ काय? आणि यजमानांना हे कसं समजावू? ते वाईट नाहीत हो, त्यांना काळजी आहे. पण त्यांची काळजी आवाज चढवूनच बाहेर पडते.

खडूफळा

ताई, मी धुळे जिल्ह्यात शिक्षक आहे, सहावी ते आठवीला गणित शिकवतो. आधी सासऱ्यांचं उत्तर देतो, म्हणजे घरातला एक प्रश्न आजच मिटेल. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास होण्याची अट आली आहे, हे त्यांनी खरं ऐकलंय. पण ती वर्षाअखेरच्या परीक्षेला. त्यात कमी पडलं तरी पुनर्परीक्षा मिळते. प्रथम सत्रावर कोणी कोणाला नापास करत नाही, आणि ब-2 ला तर तो प्रश्नच येत नाही.

आमच्याकडे श्रेण्या अशा आहेत: 91 पासून वर अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, 61 ते 70 ब-2, मग क, ड असं खाली. म्हणजे तिला शंभरात साठच्या वर आहेत. "ब" म्हणजे दुय्यम, हा अर्थ आपण बाजारातून आणलाय.

पण माझ्या मते खरी गोष्ट श्रेणीत नाहीच. आठवीला हे शंभर गुण दोन ठिकाणांहून येतात: आकारिकचे 40 आणि संकलितचे 60. आकारिक म्हणजे वर्गात वर्षभर जे चालतं ते, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. संकलितमध्ये मुख्य वजन सत्राच्या लेखी पेपरचं. प्रगतिपत्रकावर नुसती श्रेणी दिसते, फोड दिसत नाही. वर्गशिक्षकांना भेटून एवढंच विचारा, "गणितात आकारिक किती, संकलित किती?" आणि लेखी पेपर बघायला मागा. राग मानत नाहीत हो आम्ही. उलट पालक सहीच्या पुढचं काही विचारतच नाहीत, हे आमचं रडगाणं.

तापीकाठ

माझ्याही घरी हाच घोळ झाला होता, थोरल्याच्या सीईटीच्या वेळी. पर्सेंटाइल हे टक्के नव्हेत, वहिनी. तिचे टक्के काढायचे तर 97 भागिले 180, म्हणजे 54 च्या आसपास.

भाऊंना कापसात सांगा, पटकन कळेल. एकरी किती क्विंटल आला, ते झाले गुण. गावात किती जणांना तुमच्याइतका किंवा तुमच्यापेक्षा कमी आला, ते पर्सेंटाइल. पाऊस चांगला झाला तर सगळ्यांचाच वाढतो, तुमचा नंबर तिथेच राहतो. हजारात 416 वी म्हणजे तिला धरून मागे 585 मुलं. हजारातली 585, म्हणून 58.50. संपलं.

आणि ही हजार मुलं कोण? सगळी शिष्यवृत्तीची तयारी करणारी. सगळ्या गावाशी तुलना नाहीये ही, फक्त बागायतदारांशी आहे.

रोखठोक

क्लासला पैसे मोजलेत तर मार्क विचारणारच ना माणूस. मुलांना जरा ताण हवाच. आम्ही कंदिलात शिकलो.

तापीकाठ

रोखठोक, कंदिलात शिकलात तेव्हा तुमचा नंबर रात्री आठ वाजता अख्ख्या भाऊबंदकीच्या मोबाईलवर जात नव्हता.

खडूफळा

एनएमएमएसबद्दल राहिलं. दोन पेपर, बौद्धिक क्षमता 90 आणि शालेय क्षमता 90. दोन्ही मिळून पात्रतेला 40 टक्के लागतात, म्हणजे 180 पैकी 72. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 32 टक्के. तिला सरावात 97 आहेत, म्हणजे पात्रतेची रेघ तिने ओलांडलेली आहे. पुढे निवड गुणवत्ता यादीने होते, ती खात्री कोणी देऊ नये. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. आणि शालेय क्षमतेच्या 90 प्रश्नांत गणिताचे 20 च असतात, विज्ञान 35 आणि समाजशास्त्र 35. गणितात श्रेणी उतरली म्हणून शिष्यवृत्ती गेली, असं अजिबात नाही. चुकीच्या उत्तराला गुणही कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नको म्हणावं.

निंबाखालची

सगळे आकड्यांवर बोलताय, मी पोटावर बोलते. दुखणं रविवारचंच असलं तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. तेरा-चौदा वर्षांची आहे, पाळीचं काही आहे का, सकाळी उपाशी जाते का, तेही बघा. तपासणीत काही निघालं नाही तरी "बघ, काही नव्हतंच" असं म्हणू नका. काळजीने पोट खरोखर दुखतं. माझ्या भाचीला उलट्या व्हायच्या.

तिच्याशी बोलायचं तर समोर बसवून नको. लसूण सोलताना, कपडे वाळत घालताना, अशा वेळी. आणि पहिलं वाक्य मार्कांचं नको. फारच गप्प झाली, झोप उडाली, किंवा "मी नसते तर बरं" अशा अर्थाचं काही बोलली, तर थांबू नका. 14416 हा टेली-मानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आईबापांनीही करावा, मी केलेला आहे.

पारोळ्याची सून

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, वेचणी आटपत नव्हती.

शाळेत जाऊन आले. गणितात आकारिक 40 पैकी 35, संकलित 60 पैकी 31. बेरीज 66. म्हणजे वर्गात सगळं येतं आणि पेपरात अडतं. सरांनी उत्तरपत्रिका काढून दिली. पहिल्या तीन पानांवर चूक शोधून सापडत नव्हती, पण एकेक उदाहरण दोनदा-तीनदा लिहून खोडलेलं. बरोबर आलेलं उत्तरसुद्धा खोडून पुन्हा तेच लिहिलेलं. एका जागी खोडून खोडून कागद फाटलाय. शेवटची दोन पानं कोरी. वेळच उरला नाही. सर म्हणाले, जूनमध्ये ही अशी खाडाखोड करत नव्हती.

रात्री ती आणि मी शेंगा फोडत बसलो होतो. मी काहीच विचारलं नाही. तीच म्हणाली, "चुकलं तर यादीत खाली जाते ना, म्हणून परत परत बघते."

डॉक्टरांनी तपासलं, पोटात दोष नाही. यजमानांना कापसाचं उदाहरण सांगितलं. आधी हसले, मग म्हणाले, "मग भावाच्या पोऱ्याची जमीन बागायती आहे म्हण की." त्याला दोन वर्षांपासून क्लास आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं. उत्तरपत्रिकेचा फोटो मात्र त्यांनी बराच वेळ मोठा करून बघितला. काही बोलले नाहीत. या रविवारी तिला परीक्षेला पाठवलं नाही, आणि शनिवारी तिने शेवभाजी दोनदा मागून घेतली. सासऱ्यांचा प्रश्न अजून रोज येतो, पण आता "नै व्हयनी" एवढं सांगितलं की चहा मागतात.

आता एकच विचारायचंय. क्लासवाल्यांना सांगितलं की यादीत हिचं नाव नका टाकू, नुसते गुण आम्हाला वेगळे पाठवा. ते म्हणतात सगळ्यांना एकच नियम. क्लास सोडवला तर भरलेली फी परत मागता येते का? कोणी मागितली आहे का? यजमान म्हणतात पैसे गेले तर गेले, पण मला डिसेंबरातल्या परीक्षेपर्यंत तरी तिला सराव हवा आहे. खडूफळा सर, घरी करण्यासाठी बौद्धिक क्षमतेचे जुने पेपर कुठल्या क्रमाने सोडवून घेऊ?