१४ मिनिटांचा घरगुती व्हिडिओ : एक्स्पोर्टला बिटरेट, फ्रेम रेट, कोडेक काय ठेवावं?

कात्रीकट यांचा प्रश्न

दोन-तीन फोनवर काढलेल्या क्लिप, काही फोटो आणि मागे संगीत असा १४ मिनिटांचा व्हिडिओ शॉटकट या व्हिडिओ एडिटरमध्ये जोडला आहे. प्रोजेक्ट १९२०×१०८०, सेकंदाला ३० फ्रेमचा. बहुतेक क्लिप १०८०पी, थोड्या ४के. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' टाकून लिंक द्यायची आहे, आणि काही जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर फाइलच हवी आहे.

क्वालिटी वाढवून एक्स्पोर्ट केलं तर फाइल ३.१ जीबी झाली. बिटरेट (सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा) उतरवला तर १७० एमबी, पण पाण्याचे आणि नाचाचे शॉट आले की चित्राचे ठोकळे होतात. शेवटी पाच मिनिटांचं सलग भाषण आहे, त्यात आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. एका फोनच्या क्लिप तर फिक्या, धुतल्यासारख्या दिसतात.

कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, एच.२६४ घेऊ की एच.२६५? बिटरेट किती? १०८० ठेवू की सगळंच ४के करू? आणि आवाज-रंगाचं काही एक्स्पोर्टमध्येच दुरुस्त होतं का?

---

रेंडरघर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. आवाज सुटणं आणि रंग फिके पडणं या क्लिपच्या तक्रारी आहेत, एक्स्पोर्टच्या खिडकीत त्यावर इलाज नाही. त्याबद्दल इथले बाकीचे सांगतीलच. मी फाइलबद्दल लिहितो.

तुमच्या दोन्ही फाइलींचा हिशेब करून बघा. साइझ एमबीमध्ये घ्या, ८ ने गुणा, सेकंदांनी भागा. १४ मिनिटं म्हणजे ८४० सेकंद. ३१०० × ८ ÷ ८४० = साधारण ३० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३० मेगाबिट. १७० × ८ ÷ ८४० = १.६ एमबीपीएस. पहिला आकडा १०८०पी, ३० फ्रेमसाठी भरपूर जास्त आहे आणि दुसरा फारच कमी. यूट्यूबच्या स्वतःच्या शिफारशी साध्या, म्हणजे एचडीआर (उजेड-रंगाचा जास्त मोठा पल्ला) नसलेल्या, व्हिडिओसाठी अशा आहेत : १०८०पी ला २४ ते ३० फ्रेमवर ८ एमबीपीएस, ५०-६० फ्रेमवर १२, १४४०पी ला १६ आणि २४, ४के ला ३५ ते ४५ आणि ५३ ते ६८. ८ एमबीपीएस म्हणजे मिनिटाला ६० एमबी, तुमची फाइल ८४० एमबीच्या आसपास.

पण हा ८ चा आकडा मी किमान धरतो. तुम्ही चढवलेली फाइल प्रेक्षक कधीच बघत नाही. यूट्यूब ती उलगडून स्वतःच्या पद्धतीने पुन्हा दाबतं, प्रत्येक रिझोल्यूशनची वेगळी आवृत्ती बनवतं. तुमच्या फाइलमध्ये पाण्यावर आधीच ठोकळे असतील तर पुढचा एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम) ते ठोकळेही चित्राचा भाग समजून इमानदारीने जपत बसतो आणि खऱ्या तपशिलाला बिट उरत नाहीत. म्हणून नेट परवडत असेल तर १५-१६ एमबीपीएस द्या. त्यापुढे मात्र फायदा झपाट्याने आटतो, कारण फोननेच मूळ क्लिप साधारण त्याच पट्ट्यात लिहिलेली असते. ३.१ जीबीची फाइल चढवली तरी बिघडणार काही नाही, फक्त वेळ जाईल.

पाणी, नाच, उडणारी पानं, अंधारातला दाणेदारपणा, लांब डिझॉल्व्ह (एक शॉट दुसऱ्यात विरघळणं) : बिट खाणारे हेच. एका फ्रेमवरून पुढची ओळखता येत नाही, त्यामुळे एन्कोडरला जवळजवळ सगळं नव्याने लिहावं लागतं. स्थिर फोटोला काहीच लागत नाही. म्हणून ठरावीक बिटरेट बांधण्यापेक्षा क्वालिटीवर आधारित मोड बरा. शॉटकटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड > कोडेकमध्ये 'क्वालिटी-बेस्ड व्हीबीआर' निवडा आणि क्वालिटी ६५% च्या आसपास ठेवा, म्हणजे सीआरएफ (एन्कोडरचा दर्जाचा आकडा) साधारण १८. सीआरएफचा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. साधारण ६ ने वाढला की फाइल अर्धी होते. तोटा एकच, साइझ आधी कळत नाही. ३ जीबी झाली ती बहुधा अशीच.

कोडेक एच.२६४, हाय प्रोफाइल, कंटेनर (फाइलचा प्रकार) एमपी४, प्रोग्रेसिव्ह. एच.२६५ यूट्यूब घेतं आणि तितक्याच दर्जाला फाइल लहान होते, पण रेंडरला जास्त वेळ लागतो आणि हीच फाइल पुढे कुणाच्या जुन्या टीव्हीवर नुसता आवाज ऐकवत काळा पडदा दाखवू शकते. 'यूज हार्डवेअर एन्कोडर' ची खूण काढा. ग्राफिक्स कार्ड भराभर काम करतं, पण त्याच बिटरेटला सॉफ्टवेअर एन्कोडरचं चित्र सहसा सरस येतं, आणि १४ मिनिटांसाठी घाई कशाची?

---

ध्वनिपट

आवाज शेवटीच सुटतो हा चांगला सुगावा आहे. सुरुवातीपासून फरक तेवढाच राहिला असता तर क्लिप सरकवून काम झालं असतं. हळूहळू वाढतो आहे म्हणजे व्हेरिएबल, म्हणजे बदलता, फ्रेम रेट. फोन ३० फ्रेम म्हणतो, पण उजेड कमी झाला की एक्स्पोजर लांबवायला फ्रेम कमी करतो. एका फ्रेमला सेकंदाचा पंधरावा भाग उजेड हवा असेल तर सेकंदाला ३० फ्रेम निघणारच कशा? एडिटर मात्र ठरावीक ३० धरून चालतो. लहान क्लिपमध्ये हे लपून जातं, कारण प्रत्येक कटला आवाज आणि चित्र पुन्हा एकत्र सुरू होतात. पाच मिनिटांच्या सलग भाषणात लपायला जागा नाही.

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात मूळ क्लिप उघडून 'फ्रेम रेट मोड' काय दिसतं ते इथे टाका. फिक्या दिसणाऱ्या क्लिपचंही टाका.

आवाजाच्या सेटिंगला फार विचार नको : एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, ३८४ केबीपीएस. संगीत ४४.१ चं असलं तरी एडिटर बदलून घेतो. एक मात्र बघा. यूट्यूब -१४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) याच्यापेक्षा मोठा आवाज खाली आणतं, पण हळू आवाज वर उचलत नाही. त्यामुळे मीटर बघून पूर्ण व्हिडिओ -१४ च्या आसपास आणि सर्वोच्च शिखर -१ डीबीच्या खाली ठेवा. भाषणाखाली संगीत चालू असेल तर ते बोलण्यापेक्षा चांगलं १५-२० डीबी खाली हवं. फोनच्या स्पीकरवर दोन्ही एकाच पट्टीत येतात आणि शब्द बुडतात.

---

चौकट१६बाय९

रेंडरघर यांच्याशी सहमत, एक भर. सगळं ४के करायची गरज नाही, पण १०८०पी ऐवजी २५६०×१४४० ला एक्स्पोर्ट करून चढवा. लहान चॅनेलच्या १०८०पी व्हिडिओला यूट्यूब बरेचदा जुनाच एच.२६४ लावतं आणि बिट मोजून देतं. १४४० किंवा वरचा असेल तर त्याहून नवा व्हीपी९ कोडेक मिळतो, बिटही जास्त. चित्रात नवा तपशील येत नाही, फक्त असलेला कमी मारला जातो. वाढवताना इंटरपोलेशन (मधले पिक्सेल भरायची पद्धत) 'लँक्झोस' ठेवा आणि बिटरेटही १४४० चा, म्हणजे १६ च्या वर.

खात्री करायची तर व्हिडिओ चालू असताना राइट क्लिक > 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'. कोडेकच्या ओळीत 'एव्हीसी१' की 'व्हीपी०९' ते दिसतं. चढवल्या चढवल्या तपासू नका. आधी कमी रिझोल्यूशनची आवृत्ती तयार होते, एचडी मागून येते. 'अपलोड केला आणि सगळं धूसर झालं' म्हणणाऱ्या निम्म्या तक्रारी तासाभराने आपोआप मिटतात.

---

रेंडरघर

१४४० ची युक्ती चालते, मान्य. पण चढवण्यापुरतीच ठेवा. घरी जपायची मूळ प्रत १०८० लाच असू द्या, उगाच फुगवलेली नको.

---

कात्रीकट

मीडियाइन्फोमध्ये हे दिसतं.

भाषणाची क्लिप : फ्रेम रेट मोड व्हेरिएबल, फ्रेम रेट २७.४, मिनिमम १४.९, मॅक्सिमम ३०.६.

फिकी क्लिप : फॉरमॅट एचईव्हीसी, प्रोफाइल मेन १०, बिट डेप्थ १०, कलर प्रायमरीज बीटी.२०२०, ट्रान्सफर कॅरॅक्टरिस्टिक्स एचएलजी. फ्रेम रेट मोड इथेही व्हेरिएबल, २८.५७ ते ३१.५८.

---

ध्वनिपट

१४.९ पर्यंत घसरला आहे, म्हणजे सभागृहात अंधार होता. हँडब्रेक हा व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम घ्या. भाषणाची क्लिप उघडून व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेम रेट ३० आणि त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडा. तिथेच 'पीक फ्रेम रेट' नावाचा पर्याय असतो, तो नको. त्यात फ्रेम रेट पुन्हा बदलताच राहतो. क्वालिटी आरएफ (सीआरएफसारखाच आकडा) १६, ऑडिओ आहे तसाच. तयार झालेली फाइल टाइमलाइनवर जुन्या क्लिपच्या जागी बसवा. फ्रेम कमी पडल्या तिथे त्याच पुन्हा वापरल्या जातील, चित्र किंचित अडखळेल. माइकपुढे उभा माणूस आहे, कुणाला कळणार नाही.

दुसरीचा २८.५७ ते ३१.५८ हा खेळ किरकोळ आहे, त्याने आवाज सुटत नाही. तिचं दुखणं रंगाचं आहे.

---

रंगछटा

बीटी.२०२० आणि एचएलजी म्हणजे ही क्लिप एचडीआर आहे. तुमचा प्रोजेक्ट साधा, बीटी.७०९ चा. एचएलजीची उजेडाची वक्ररेषा वेगळी असते. कुणी रूपांतर न करता तेच आकडे ७०९ म्हणून दाखवले की कॉन्ट्रास्ट सपाट होतो आणि रंग उडतात. सॅच्युरेशन वाढवून हे झाकू नका, चेहरे नारिंगी होतील आणि आकाश तसंच राखाडी राहील.

शॉटकटमध्ये क्लिप निवडून प्रॉपर्टीज > 'कन्व्हर्ट' वर जा. अ‍ॅडव्हान्स्ड उघडलं की 'बीटी.७०९ कलरस्पेसमध्ये रूपांतर' अशा अर्थाची खूण असते, ती लावा. गुड, बेटर, बेस्ट यांपैकी 'बेटर' पुरे. 'बेस्ट' ने डिस्क भरते. नवी फाइल बाकीच्या क्लिपशेजारी ठेवून बघा, मग लागलं तर थोडं ब्राइटनेस. डाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी क्लिपवर 'कलर स्पेस ट्रान्सफॉर्म' लावून इनपुट रेक.२०२० व एचएलजी, आउटपुट रेक.७०९ व गॅमा २.४ द्यावा.

पुढच्या वेळी शूटिंगआधीच फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करा. आयफोन १२ पासूनच्या फोनमध्ये तो मुळातच चालू असतो.

एक्स्पोर्टमध्ये कलर रेंज 'लिमिटेड' किंवा 'ब्रॉडकास्ट' असेल तीच राहू द्या. 'फुल' जास्त भारी वाटतं म्हणून लोक ते निवडतात आणि मग एखाद्या प्लेअरवर काळे केस म्हणजे नुसता डाग दिसतो.

---

चौकट१६बाय९

व्हॉट्सअ‍ॅपचं राहिलंच. व्हिडिओ म्हणून पाठवला तर ते स्वतः पुन्हा दाबतं, 'एचडी' निवडलं तरी. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी जाते, २ जीबीपर्यंत. पण समोरच्याच्या फोनवरची जागा आणि डेटाही बघायचा असतो, म्हणून वेगळी लहान प्रत काढा.

समजा १०० एमबीत बसवायचं आहे. १०० × ८ = ८०० मेगाबिट, भागिले ८४० सेकंद, म्हणजे ०.९५ एमबीपीएस. आवाजाला १२८ केबीपीएस दिले की चित्राला जेमतेम ०.८ उरतात. एवढ्यात १०८०पी ठेवलं तर तुमच्या १७० एमबीच्या फाइलपेक्षाही वाईट ठोकळे होतील. त्याऐवजी ९६०×५४० करा. पिक्सेल चौथ्या हिश्श्यावर येतात, प्रत्येकाच्या वाट्याला चौपट बिट येतात आणि फोनच्या पडद्यावर फरक फारसा कळत नाही. पाण्याचे शॉट लक्षात घेता मी तरी चित्राला १.२ देईन, फाइल १४० एमबीच्या आत बसेल. इथे साइझ ठरलेली असल्यामुळे सीआरएफ नको. 'अ‍ॅव्हरेज बिटरेट' निवडून 'ड्युअल पास' ची खूण लावा. पहिल्या फेरीत एन्कोडर अवघड शॉट हेरून ठेवतो, दुसऱ्या फेरीत फोटोंचे वाचलेले बिट नाचाला देतो.

रुंदी-उंची दोन्ही सम हव्यात. १६:९ चा हिशेब करून कुणी ८५३×४८० टाकतं आणि एक्स्पोर्ट सुरूच होत नाही, ८५४ लिहायचं. कारण ४:२:० या रंग साठवण्याच्या पद्धतीत रंगाची माहिती दर २×२ पिक्सेलला एकदाच साठवतात.

---

कात्रीकट

दोन्ही क्लिप बदलल्या. भाषण आता शेवटपर्यंत जुळतं, रंगही बाकीच्यांच्या जवळ आले. सगळ्यांचे आभार. एकच उरलं : फोटोंवर हळू झूम दिला आहे, तिथे साडीची जर आणि खिडकीच्या जाळ्या चमचमतात. बिटरेट आणखी वाढवू?

---

रंगछटा

बिटरेटचा संबंध नाही. प्रिव्ह्यूमध्येही चमचमत असेल, बघा. ४००० पिक्सेलचा फोटो १९२० मध्ये दाबला की पिक्सेलपेक्षा बारीक रेघ एका फ्रेममध्ये सापडते, पुढच्या फ्रेममध्ये निसटते. फोटो आधीच इमेज एडिटरमध्ये लहान करून घ्या : झूम जिथे सगळ्यात जवळ जातो तिथे चौकट पुरेल एवढाच. सव्वापट झूम असेल तर २४०० पिक्सेल रुंदी पुरे. तरीही साडीची जर चमचमली तर त्या फोटोला अगदी अर्ध्या-एक पिक्सेलचा ब्लर द्या.

---

रेंडरघर

आणि पूर्ण चढवण्याआधी पाण्याचा, भाषणाचा आणि झूमचा प्रत्येकी दहा सेकंदांचा तुकडा एकत्र एक्स्पोर्ट करून 'प्रायव्हेट' टाका. एचडी तयार झालं की फोनवर आणि टीव्हीवर बघा, मगच १४ मिनिटं रेंडरला लावा. चढवताना यूट्यूब 'चेक्स' च्या पायरीवर संगीताचे हक्कही तपासतं, 'अनलिस्टेड' असलं तरी. तिथे हरकत आली तर गाणं बदलून पुन्हा रेंडर करावं लागेल, म्हणून या तुकड्यात संगीताचा ओळखू येईल एवढा भाग राहू द्या.