मदत हवी आहे: मोफत कार्यशाळेत देणगीचं आवाहन कसं करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही चार-पाच जण शिक्षकांसाठी अपूर्णांक शिकवण्यावर एक दिवसाची ऑनलाइन कार्यशाळा घेतोय. प्रवेश मोफत, आणि तो मोफतच ठेवायचाय. पण ज्यांना जमेल त्यांनी मुलांसाठी वाचनालयं चालवणाऱ्या एका संस्थेला थोडी देणगी द्यावी, असं मनात आहे.

गेल्या वेळी नोंदणी अर्जातच देणगीचा रकाना टाकला आणि फसलो. बऱ्याच जणांना ती आडून मागितलेली फी वाटली. एका बाईंनी तर विचारलं, "पैसे नाही भरले तर प्रमाणपत्र मिळेल ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या वेळी शेवटच्या सत्राआधी दोन मिनिटं बोलायचं आणि लिंक थेट संस्थेची द्यायची, असं ठरतंय. पैसे आमच्या हातात येणार नाहीत, पावतीही तेच देतील. (आमच्यातल्या एकाला देणगीदारांची नावं पडद्यावर झळकवायची हौस आहे. माझा सक्त विरोध.)

कोणी असं केलंय का? रकमा सुचवाव्यात की रकाना मोकळा सोडावा? आणि आवाहनाची दोन वाक्यं कोणी लिहून देईल का? माझी सगळी उसने पैसे मागितल्यासारखी होतायत.