नॅरोबोटला रिव्हर्स पडत नाही आणि न्यूट्रलला पुढे सरकते – केबल की गिअरबॉक्स?

कालवाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं इंग्लंडमध्ये नॅरोबोटवर (कालव्यातली लांब अरुंद बोट) राहतो, बोट 57 फुटी, मागे उघडा डेक आणि डेकच्या फळ्यांखाली चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. सध्या ग्रँड युनियन कॅनॉलवर गेटन जंक्शनजवळ बांधलीय. त्रास असा की लिव्हर मागे ओढली की रिव्हर्स लगेच पडत नाही, आधी नुसती रेस वाढते, मग कधीतरी धाडकन पडतो आणि आता दोनतीन दिवसांपासून तर पडतच नाहीये. फॉरवर्ड मस्त चालतो. आणखी एक म्हणजे न्यूट्रलला ठेवली तरी बोट हळूहळू पुढे सरकत राहते, दोर सोडले की लगेच कळतं.

गिअरबॉक्स मेकॅनिकल आहे, एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल) लागणारा, वर एकच लिव्हर आहे गिअर आणि रेस दोन्हीसाठी. एका मेकॅनिकने फोनवरच सांगितलं की क्लच प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उतरवून रिबिल्ड करावा लागेल, आणि त्याचा खर्च ऐकून घरी दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. पुढे ब्लिसवर्थ बोगदा आहे आणि त्यानंतर स्टोक ब्रुअर्नची लॉकं (पाणी कमीजास्त करून बोट खालीवर नेणारी दारांची कुंडं). फॉरवर्ड चालतोय तर तेवढं पार करून पलीकडे जाऊन काम करावं असा मिस्टरांचा विचार आहे. मला भीती वाटतेय. काय करावं?

मांडवीकाठचा

ताई, मी नॅरोबोटवर कधी पाय ठेवला नाही, माझं आयुष्य गोव्यात खनिजाच्या बार्जवर इंजिनाजवळ गेलं, मांडवी, झुवारी आणि मधला कुंभारजुव्याचा कालवा. पण गिअर तो गिअर. कोणी फोनवर प्लेटा गेल्या म्हणाला तर लगेच विश्वास ठेवू नका, आधी भानगड दोन तुकड्यांत तोडा. इंजिन बंद, चावी खिशात. गिअरबॉक्सवर जो आर्म असतो त्याची पिन काढून वरच्या लिव्हरकडून येणारी केबल सोडवा. मग आर्म हाताने पुढे मागे करून बघा, दोन्ही बाजूला सारखा जातो का, मध्ये न्यूट्रलची जागा हाताला लागते का.

त्यानंतर बोट पुढून मागून दोन्हीकडे पक्की बांधा, एक माणूस इंजिन बंद करायच्या नॉबजवळ उभा, इंजिन अगदी स्लो, आणि दुसऱ्याने आर्म हाताने रिव्हर्सला टाकायचा, काही सेकंदच. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टजवळ हात नको, ओढणी नको, मोकळे केस नको. हाताने रिव्हर्स पडला आणि पंख्याचं पाणी पुढच्या दिशेला ढकललं गेलं तर गिअरबॉक्स बहुतेक ठीक आहे, चोर केबलीत किंवा वरच्या लिव्हरमध्ये आहे. हाताने पण नाही पडला तर मग आतलं बघायचं.

सुकाणू_हाती

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. मी पण इथेच बोटीवर असतो, बर्मिंगहॅमच्या बाजूला, म्हणून दोनचार गोष्टी जोडतो.

सगळ्यात आधी, आत्ता बोगद्यात जाऊ नका, प्लीज. ब्लिसवर्थ 2.8 किलोमीटर आहे, आत टोपाथ (काठची पायवाट) नाही, आणि समोरून दुसरी नॅरोबोट येऊ शकते. रिव्हर्स हाच आपला ब्रेक, दुसरा ब्रेक नाहीच. आणि स्टोक ब्रुअर्नला तुम्ही सात लॉकं खाली उतरणार. उतरताना मागच्या दाराखालचा उंबरा असतो ना, पाणी कमी होत गेलं की बोटीचा मागचा भाग त्याच्यावर अडकू शकतो आणि बोट पुढे कलून बुडते, अशा दुर्घटना झालेल्या आहेत. म्हणून तिथे बोट पुढे धरून ठेवावी लागते आणि त्याच वेळी पुढच्या दारावर आदळूही द्यायची नाही, म्हणजे थोडं पुढे थोडं मागे चालूच असतं. ज्या बोटीला न्यूट्रलच सापडत नाही आणि रिव्हर्स भरवशाचा नाही ती तिथे न्यायची नाही. एका जागी 14 दिवसांपेक्षा जास्त न थांबण्याच्या नियमाची चिंता असेल तर कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टला बोट बिघडलीय म्हणून कळवून ठेवा, बिघाडासाठी जास्त मुदत देतात.

आता मुद्द्याचं. तुमची दोन लक्षणं एकत्र बघा. न्यूट्रलला पुढे सरकते आणि रिव्हर्स पडत नाही. याचा अर्थ मला असा दिसतो की सगळं लिंकेज (लिव्हर, केबल, आर्म यांची जोडणी) फॉरवर्डच्या बाजूला सरकलंय, वरती लिव्हर न्यूट्रलला आहे तेव्हा खाली आर्म थोडा फॉरवर्डकडेच आहे, त्यामुळे रिव्हर्सला जायला केबलीत तेवढी हालचालच उरत नाही. प्लेटा झिजल्या असत्या तर न्यूट्रलला सरकायचं कारण नव्हतं. थंडीत तेल जाड असताना किंचित सरकणं होतं, पण रिव्हर्स गायब आणि सरकणं सोबत म्हणजे मी आधी केबलीवर बोट ठेवेन.

केबलीचं बाहेरचं आवरण गिअरबॉक्सजवळ एका ब्रॅकेटला क्लॅम्पने धरलेलं असतं. कोणाला तरी लिव्हर हलवायला सांगा आणि टॉर्च मारून तो क्लॅम्प बघा. आतली तार हलायच्या ऐवजी आवरणच मागेपुढे होत असेल तर सापडलं तुमचं. ब्रॅकेटचे बोल्ट, आर्म ज्या छोट्या दांड्यावर बसतो तिथला बोल्ट हेही हलवून बघा. आर्मखाली जी कव्हर प्लेट असते तिचे बोल्ट मात्र अजिबात सैल करू नका, हर्थ कंपनीच्या एचबीडब्ल्यू गिअरबॉक्स मालिकेत तर ती फॅक्टरीत सेट केलेली असते.

मग मोजमाप. त्याच मालिकेत न्यूट्रलपासून प्रत्येक बाजूला आर्मची हालचाल, पिनच्या दोन भोकांपैकी बाहेरच्या भोकाला कमीत कमी 35 मिमी आणि आतल्या भोकाला 30 मिमी पाहिजे, जास्त चालते, कमी चालत नाही. आणि न्यूट्रलला केबल आर्मशी काटकोनात हवी. तुमचा गिअरबॉक्स दुसरा असेल तर त्याच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या.

रेस देऊन गिअर पाडायचा प्रयत्न तर करूच नका. एका लिव्हरच्या कंट्रोलमध्ये आधी गिअर पूर्ण पडतो आणि मग रेस सुरू होते, पण गिअरची हालचाल कमी पडली तर क्लच अर्धवट धरलेला असताना रेस चढते आणि प्लेटा घासून जळतात. म्हणजे आज केबलीचा असलेला प्रॉब्लेम उद्या खरंच रिबिल्डचा होतो.

डिझेलप्रेमी

वीड हॅच (पंख्यापर्यंत हात पोचायचं झाकण) उघडून पंख्यात दोर, प्लास्टिक काही अडकलंय का बघितलं का? आणि इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली ड्राइव्ह प्लेट? ती गेली तरी रेस वाढते आणि बोट हलत नाही. लिव्हरचं न्यूट्रल बटण (गिअर न पडता नुसती रेस देण्यासाठीचं) बाहेर राहिलं तरी असंच होतं.

सुकाणू_हाती

बघायला हरकत नाही पण यांचा फॉरवर्ड व्यवस्थित आहे. ड्राइव्ह प्लेट गेली की दोन्ही बाजू जातात, आणि त्याआधी स्लोवर खडखडाट सुरू होतो. बटण बाहेर असलं तरी दोन्ही जातात. पंख्यात काही अडकलं की इंजिन दबतं, धूर काढतं. फक्त रिव्हर्सलाच त्रास देणारी एक गोष्ट आहे ती म्हणजे शाफ्टचं कपलिंग, गिअरबॉक्सला शाफ्ट जोडणारा सांधा. रिव्हर्सला पंखा शाफ्टला मागे ओढतो, कपलिंगची पकड सैल असेल तर शाफ्ट कपलिंगमध्ये घसरतो. शाफ्ट आणि कपलिंगवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा, रिव्हर्सनंतर रेघ तुटलेली दिसली तर तिथे बघा.

मांडवीकाठचा

तेल बघायला विसरू नका ताई. एटीएफ लाल असतं. काळं पडलंय आणि जळका वास येतोय तर प्लेटा घसरल्यात. दुधासारखं झालंय तर कुठून तरी पाणी शिरतंय, बहुतेक ऑइल कूलरमधून, आमच्याकडे बार्जवर हे खूप बघितलं.

सुकाणू_हाती

हो, आणि हर्थची डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची, फिरवून वाचली तर लेव्हल चुकते.

कालवाकाठची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोघांनी मिळून केबल सोडवली. हाताने आर्म दोन्हीकडे छान जातो, आणि बांधून ठेवून स्लोवर टाकला तर रिव्हर्स लगेच पडला, पाणी पुढे आलं, मला रडूच आलं. तेल लाल आहे, वास नाही, लेव्हल ठीक. रंगाची रेघ पण तशीच आहे. क्लॅम्प बघितला तर त्याचा एक स्क्रू जवळजवळ बाहेर आलेला आणि आवरण सरकत होतं, रिव्हर्सला जेमतेम 20 मिमी हालचाल मिळत होती. स्क्रू आवळल्यावर 32 आली. आमची पिन बाहेरच्या भोकात आहे, म्हणजे अजून कमीच ना? आणि लिव्हर अजून जड लागते, केबलीच्या वरच्या टोकाला गंज दिसतोय. तेल सोडलं तर चालेल का केबलीत?

सुकाणू_हाती

फार छान काम केलंत. गिअरबॉक्स हर्थच्या त्या मालिकेतला असेल तर 32 चालणार नाही, 35 हवेतच. आणि केबलीत तेल सोडू नका, आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. वरून पावसाचं पाणी शिरून गंजलेली केबल बदलायचीच, रिबिल्डच्या मानाने खर्च काहीच नाही. जुन्या केबलीच्या आवरणावर नंबर छापलेला असतो त्यात लांबी असते, पुसला असेल तर टोकापासून टोकापर्यंत पूर्ण मोजा. काढताना जुन्या केबलीच्या टोकाला दोरी बांधून ओढा म्हणजे नवीन त्याच वाटेने नेता येते. वळण 20 सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ नको.

बसवताना वर लिव्हर न्यूट्रलला, खाली आर्म न्यूट्रलला, आणि केबलीचं टोक आट्यांवर फिरवत असं जुळवा की पिन जोर न लावता भोकात पडली पाहिजे. लॉकनट आवळा, स्प्लिट पिन नवीन घाला. मग दोन्ही बाजूची हालचाल परत मोजा, वरच्या लिव्हरवरून.

मांडवीकाठचा

आणि क्लॅम्पचा स्क्रू आवळताना त्याला आटे पकडून ठेवणारं लोशन लावा, इंजिनाच्या थरथरीने तो परत निघेल. नवीन केबल टाकल्यावर आधी मोकळ्या सरळ पाण्यात दोनचार वेळा थांबवून बघा, इंजिन गरम झाल्यावर परत बघा, मगच बोगद्याकडे.

कालवाकाठची

केबल मागवली. मिस्टर म्हणाले गुरुवारी आली की बसवू, आणि गेटनच्या सरळ पट्ट्यात थांबवून बघितल्याशिवाय बोगद्याकडे जाणार नाही.