झेल आम झे: आई-बाबांना घेऊन कुठे राहावं, काय खावं?

मेघना_नाशिक
सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन म्युनिकला भावाकडे जातेय. त्यातले चार दिवस ऑस्ट्रियात झेल आम झे या तळ्याकाठच्या गावी राहायचा विचार आहे. बाबा ७४ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढ आणि जिने जमत नाहीत. आई अंडंसुद्धा खात नाही. गाडी नाही, रेल्वेनेच फिरणार. तळ्याकाठचं हॉटेल घ्यावं की स्वयंपाकघर असलेली जागा?

साल्झबुर्गवासी
मेघनाताई, स्वयंपाकघर असलेलीच जागा घ्या, आणि तीही जुन्या गावात, स्टेशनजवळ. मी ११ वर्षं साल्झबुर्गला राहतोय. माझे आई-बाबा आले तेव्हा झेलमध्ये दोनदा राहिलो, त्यातला पहिला मुक्काम चुकला होता. फोटोत खिडकीतून अख्खं तळं दिसत होतं म्हणून ती जागा घेतली. तळं दिसत होतं, कारण घर डोंगरावर होतं. रोज संध्याकाळी तो चढ चढताना बाबा तीनदा थांबायचे. माझ्या हौसेपायी त्यांना त्रास झाला, ते मला अजून लागतं.

जुनं गाव मात्र सपाट आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला सेंट हिप्पोलिटच्या चर्चभोवतीचे पायी फिरायचे रस्ते. बुक करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: लिफ्ट आहे का (जुन्या घरांत बऱ्याचदा नसते), शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे आहेत का, आणि समर कार्ड मिळतं का. हे कार्ड वेगळं विकत मिळत नाही. मे मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ठरावीक हॉटेलं आणि घरमालक ते पाहुण्यांना देतात. त्यात रोप-वे आणि तळ्यातली बोट येते, म्हणून खोली थोडी महाग पडली तरी परवडते. शिवाय मे २०२५ पासून साल्झबुर्ग राज्यात (झेल त्यातच येतं) मुक्काम करणाऱ्यांना राज्यातल्या सार्वजनिक वाहतुकीचा पास मिळतो. घरमालकाकडून तो आधीच मागून घ्या.

रेल्वेमार्ग अगदी तळ्याच्या काठाने जातो. पाण्याला लागून खोली घेतलीत तर गाड्यांचा आवाज येणारच. बाबांची झोप सावध असेल तर एक गल्ली आत बघा.

आता आईंचं जेवण. सगळ्यात मोठी फसगत सुपात होते. मेनूत 'कासप्रेसक्नोडेलझुप्पे' दिसेल. नावात चीज ('कास') आहे, मांसाचा उल्लेखही नाही, पण ते चिजाचे गोळे बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या रश्श्यात घालून देतात. माझ्या आईने अर्धी वाटी संपवल्यावर मला कळलं. ती काही बोलली नाही, पण रात्री जेवलीच नाही. तेव्हापासून मी मेनूवर भरवसा ठेवत नाही, वेटरला विचारतो: 'ओने फ्लाइश, ओने फिश, ओने आयर, ओने रिंडझुप्पे'. म्हणजे मांस, मासे, अंडी आणि गोमांसाचा रस्सा, यांतलं काही नको.

इथला खास पदार्थ म्हणजे कासनोकन: पिठाचे छोटे गोळे, भरपूर चीज, वर तळलेला कांदा, लोखंडी तव्यातच समोर येतात. तुम्ही अंडं खात असाल तर चुकवू नका, आईंना मात्र चालणार नाहीत, पिठात अंडं असतं. चिजात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते) असू शकतं, तेही त्यांना सांगून ठेवा. त्यांच्यासाठी भाजलेला बटाटा, सॅलड, मार्गारिटा पिझ्झा. आप्फेलश्ट्रुडेलची (सफरचंदाचं सारण भरलेली गोड गुंडाळी) पारी कधी बिनअंड्याचीही असते, विचारून घ्या.

आणखी एक सोय आहे. उन्हाळ्यात इथे आखाती देशांतली कुटुंबं फार येतात, त्यामुळे अरबी खाणं सहज मिळतं. फलाफल (छोल्यांचे तळलेले वडे), हुमुस (छोल्यांची चटणी), गरम रोटी. माझ्या आईचं पोट त्यानेच भरलं. (मसूराचं सूप घेतलंत तर रस्सा कोंबडीचा नाही ना, ते विचारा.)

सहलवेडा_डोंबिवली
आम्ही शुटडॉर्फला राहिलो होतो, तळ्याच्या दक्षिण टोकाला. सपाट आहे, सुपरमार्केट जवळ, भाडंही कमी पडलं. पण जुन्या गावात यायला बस लागते. गाडी असेल तर ठीक, तुमच्यासाठी वरचा सल्लाच बरोबर वाटतो. बोटीने समोरच्या थुमर्सबाखला जरूर जा. तिथल्या बाकावरून गाव आणि मागचा डोंगर एकत्र दिसतो, आणि काकांना पायरीसुद्धा चढावी लागणार नाही.

मेघना_नाशिक
दोघांचे मनापासून आभार. सुपाचं कळलं नसतं तर आईने तेच मागवलं असतं. कुकर आणि घरचं तूप नेऊ का? किट्झश्टाइनहॉर्नच्या बर्फाळ डोंगरावर बाबांना न्यावं का?

साल्झबुर्गवासी
तूप नको. भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. पेढे, श्रीखंडही नाही. बटर घेऊन तिथेच कढवा, माझ्या आईने तेच केलं. पोहे, भाजणी आणि आईंना आवडेल तो मसाला आणा. कुकर सपाट बुडाचा हवा, शेगडी विजेची असते. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही.

किट्झश्टाइनहॉर्नवरचा देखावा बघायचा सज्जा ३०२९ मीटरवर आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. झेलजवळचा श्मिटनह्योहं डोंगर १९६५ मीटरच आहे आणि वरपर्यंत रोप-वे जातो. बाबांसाठी तेच बरं.

रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच घ्या. दुपारी दोनच्या सुमारास बऱ्याच खानावळींचं स्वयंपाकघर बंद होतं, रात्रीही नऊनंतर गरम जेवण मिळणं कठीण. बाबांना औषधं जेवणानंतर घ्यायची असतील तर हे आधीच धरून ठेवा.