जुन्या ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बोला कुठलं सिंथेटिक ऑइल टाकू?

कोथरूडचा_टर्बो

नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात बऱ्याच वर्षांची इच्छा पूर्ण झाली, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घेतली, २००५ चं मॉडेल, १.८ टर्बो, मॅन्युअल, १,२४,००० किमी झालेली. कॉलेजला असताना ही गाडी पहिल्यांदा बघितली होती आणि तेव्हापासून डोक्यातून गेली नव्हती. आधीचे मालक नाशिकचे, बॉडी अगदी जपलेली, पण सर्व्हिसच्या पावत्या ९०,००० पर्यंतच आहेत, त्यानंतर सगळं बाहेरच्या गॅरेजला. त्यांनी सांगितलं की आम्ही २०डब्ल्यू-५० टाकतो, जुन्या इंजिनाला जाडच ऑइल लागतं.

आता ऑइल बदलायचंय आणि प्रत्येक जण वेगळं सांगतोय. दुकानदार म्हणतो ०डब्ल्यू-२० घ्या, सगळ्यात नवीन टेक्नॉलॉजी, सगळ्यात महाग तेच. घराजवळचा मेकॅनिक म्हणतो २०डब्ल्यू-५० चालू ठेवा. एक मित्र म्हणतो जुन्या गाडीला सिंथेटिक टाकलं की सगळीकडून गळायला लागतं. आणि गाडीच्या पुस्तकात नुसतंच व्हीडब्ल्यू ५०२ ०० लिहिलंय, ते काय प्रकरण आहे ते कोणी नीट सांगत नाही.

अजून एक, सकाळी स्टार्ट केली की तीन-चार सेकंद टक टक टक आवाज येतो मग जातो. आणि गेल्या रविवारी महाबळेश्वरहून पसरणी घाट उतरून वाईत थांबलो तेव्हा न्यूट्रलला ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला, सेकंदभरच, ॲक्सिलरेटर दिला तर गेला. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर आहे. बजेटचा प्रश्न नाही, गाडीला योग्य ते टाकायचंय.

शेंद्र्याचा_गडी

दादा आधी अभिनंदन, ही गाडी आमच्या संभाजीनगरच्या शेंद्र्यातच जोडलेली आहे, त्यामुळे जरा जास्तच जिव्हाळा.

पण ऑइलचं नंतर बोलू. तो लाल दिवा लागला म्हणताय ना, गाडी चालवणं आजपासून बंद करा. गॅरेजला न्यायची तर टो करून न्या. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर सांगतो. डिपस्टिकवर ऑइल पूर्ण असेल आणि तरी गरम इंजिनाला न्यूट्रलला दिवा येत असेल तर ऑइल संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) आहे पण पंपापर्यंत पुरेसं पोचत नाहीये असं असू शकतं.

या १.८टी इंजिनाची दुखरी जागा म्हणजे संपच्या तळाशी जो पिकअप पाइप असतो त्याची जाळी. टर्बोमध्ये ऑइल भाजून त्याचं कार्बन होतं, ते खाली येऊन संपमध्ये बसतं, आणि बारीक बारीक खडे त्या जाळीत अडकतात. पसाट आणि ऑडी ए४ मध्ये हेच इंजिन उभं बसवलेलं असायचं, त्यांच्यात ऑइल कमी मावायचं म्हणून तिथे हा त्रास इतका झाला की अमेरिकेत कंपनीला त्यासाठी वॉरंटी वाढवून द्यावी लागली होती. आपल्या ऑक्टाव्हियात इंजिन आडवं आहे, ऑइल साधारण साडेचार लिटर बसतं, त्यामुळे प्रमाण कमी, पण वीस वर्षं जुनी गाडी आणि शेवटचे तीसेक हजार किलोमीटर कुठलं ऑइल किती दिवस ठेवलं याचा पत्ता नाही म्हटल्यावर मी तरी संप उघडल्याशिवाय तिला घाट दाखवणार नाही.

क्रम असा ठेवा: आधी प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनाचं खरं प्रेशर बघा. कमी आलं तर संप खाली. नुसता स्विच खराब निघाला तर देवाची कृपा.

तेलकट_हात (नवी मुंबई)

शेंद्र्याच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय, ते आधी करा. मी ल्युब्रिकंटच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, तर ऑइलचं मी सांगतो, थोडं लांबेल.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० डिग्रीला इंजिन फिरवता येईल इतपत ऑइल पातळ राहतं, ०डब्ल्यू उणे ३५ ला, १५डब्ल्यू उणे २० ला. आता तुम्ही म्हणाल पुण्यात कुठे उणे ३०. बरोबर, पण डिसेंबरात पुण्यात सकाळी १० डिग्री असते आणि त्या तापमानालासुद्धा २०डब्ल्यू ऑइल ५डब्ल्यूपेक्षा बरंच घट्ट असतं, म्हणजे कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) उशिरा चढतं. तुमच्या इंजिनाला एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, एकूण वीस, आणि प्रत्येकाला हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हमधली फट भरून काढणारा भाग, तो टॅपेट ऑइलनेच फुगतो. तुमची सकाळची टकटक बहुतेक तीच. शिवाय दोन्ही कॅमशाफ्टमधली जी छोटी चेन आहे तिचा टेन्शनरही ऑइलच्या प्रेशरवर चालतो, तेव्हा आवाज गोड मानून सोडून देऊ नका.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० डिग्रीला ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्ये (ऑइलच्या घट्टपणाचं एकक) बसतं, ५० ग्रेड त्याच्या वर. पण टर्बोच्या गाडीला या आकड्यापेक्षा महत्त्वाचं माप वेगळं आहे, एचटीएचएस म्हणतात त्याला. १५० डिग्री तापमानात, बेअरिंगमध्ये ऑइल जोरात चिरडलं जात असताना त्याचा थर किती टिकतो ते यात मोजतात. व्हीडब्ल्यू ५०२ ०० म्हणजे फोक्सवॅगनचं (स्कोडा त्यांचीच) ऑइलचं मानक, त्यात हे माप किमान ३.५ पाहिजे. ०डब्ल्यू-२० मध्ये ते २.६ ला सुरू होतं. ०डब्ल्यू-२० वाईट ऑइल नाही, ज्या इंजिनाची बेअरिंग, पंप, सगळं त्या हिशोबाने बनवलंय त्याला ते उत्तमच. पण २००५ च्या टर्बोत ते टाकणं म्हणजे घाटात बेअरिंगचं कवच काढून घेणं. खुद्द व्हीडब्ल्यूचं ०डब्ल्यू-२० साठी ५०८ ०० हे वेगळं मानक आहे आणि ते जुन्या इंजिनांना चालत नाही. दुकानदाराचं ऐकू नका.

आणि २०डब्ल्यू-५० चा विचारसुद्धा मनातून काढा. ते बहुतेक मिनरल बेसचं, म्हणजे कच्च्या तेलातून साधं शुद्ध केलेलं असतं, आणि ते टर्बोच्या उष्णतेत लवकर ऑक्सिडाइझ होतं, त्याचाच पुढे तो कार्बन होतो. जाड ऑइलमुळे गेजवर प्रेशर जास्त दिसतं खरं, पण प्रेशर जास्त म्हणजे प्रवाह जास्त असं नसतं, आणि टर्बोचं बेअरिंग थंड राहतं ते प्रवाहाने.

तेव्हा ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक घ्या, कॅनच्या मागे व्हीडब्ल्यू ५०२ ०० छापलेलं बघून. मोटुल ८१०० एक्स-सेस, शेल हेलिक्स अल्ट्रा, मोबिल १ चं ०डब्ल्यू-४०, यातलं कुठलंही चालेल, मी यांच्यात डावं-उजवं करणार नाही. फक्त शब्द नीट वाचा. ‘अप्रूव्हल’ म्हणजे कंपनीने तपासून मान्यता दिली. ‘यासाठी शिफारस’ म्हणजे ऑइल बनवणारा स्वतः म्हणतोय. शक्यतो पहिलं घ्या.

नेकर_काठचा (श्टुटगार्ट)

तेलकट_हात काकांनी सगळं सांगितलंच, एक भर घालतो. ‘फुल सिंथेटिक’ या शब्दाला प्रत्येक देशात वेगळा अर्थ आहे. इथे जर्मनीत कॅनवर ‘फोलझिन्थेटिश’ लिहायचं तर आत पीएओ नाहीतर एस्टरचा, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेला बेस लागतो, आणि कच्च्या तेलापासूनच हायड्रोजन वापरून शुद्ध केलेला ग्रुप ३ बेस असेल तर ‘एचसी-झिन्थेझे’ असं लिहितात. अमेरिकेत यावरून कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांचं भांडण झालं होतं आणि १९९९ मध्ये ग्रुप ३ लाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असा निर्णय आला. भारतात घेतलेल्या कॅनवर फुल सिंथेटिक लिहिलं असलं तरी आत बहुतेक वेळा ग्रुप ३ च असतं.

त्यात फसवणूक झाली असं मी मानत नाही. चांगलं ग्रुप ३ ऑइल ५०२ ०० च्या सगळ्या इंजिन टेस्ट पास होतं. मी इथे २००३ ची ए३ १.८टी चालवतो, आठ वर्षं एचसीवाल्या ५डब्ल्यू-४० वर, दर ७,५०० ला बदलतो, व्हॉल्व्ह कव्हर उघडलं तर आत मधासारखा रंग, गाळ नाही. बेस कुठला यापेक्षा ऑइल किती दिवस ठेवता त्याने जास्त फरक पडतो.

रंकाळा_गॅरेज (कोल्हापूर)

भावा, गळतीचं मी सांगतो, रोज हात काळे करणारा माणूस आहे. सिंथेटिकनं सील खराब होत नाही. होतं काय, जुन्या वाळलेल्या सीलच्या फटीत गाळ बसून ती बुजलेली असते, चांगल्या ऑइलनं गाळ धुतला की फट उघडी पडते आणि गळायला लागतं. म्हणजे सील आधीच गेलेला, आता नुसता कळला. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि क्रँककेसच्या हवेच्या रबरी नळ्या, या गाडीत त्या नळ्या हातात घेतल्या की बिस्किटासारख्या मोडतात, त्या आत्ताच बदलून टाक. त्या तुंबल्या की वाफ आणि पेट्रोल ऑइलातच राहतं अन् मग गाळ होतोच.

आणि हात जोडून सांगतो, कुणी म्हणालं इंजिन फ्लश (आतला गाळ विरघळवणारं औषध) मारू म्हणून तर मारू देऊ नको. माझ्याकडं एक गाडी आली होती, दुसरीकडं कुठंतरी फ्लश मारलेली, वर्षानुवर्षांचा गाळ एका दमात सुटला आणि सगळा जाळीत जाऊन बसला, गिऱ्हाईक हायवेला इंजिन जाम होऊन उभं. संप काढून हातानं साफ करायचं, मग दोन बदली लवकर करायच्या, एवढंच.

संप काढताना मेकॅनिकला सांग, टर्बोचा रिटर्न पाइप संपच्या भांड्याला दोन बोल्टनं लावलेला असतो तो आधी सोडायचा आणि त्याचं गॅस्केट नवीन टाकायचं. गिअरबॉक्सच्या बाजूचे दोन बोल्ट आत आहेत, लांब ॲलन की लागते. संपच्या भांड्याला गॅस्केट नाही, सीलंट लागतं, ते पातळ लावायचं, जास्त झालेलं आत सुटून परत जाळीतच जातं.

कॅन ओळखीच्या वितरकाकडून घे, पावतीसकट. नकली माल फार आहे बाजारात.

कोथरूडचा_टर्बो (नऊ दिवसांनी)

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. गाडी टो करूनच नेली. गेजवर थंड असताना ठीक होतं पण गरम झाल्यावर न्यूट्रलला प्रेशर इतकं खाली आलं की मेकॅनिकने स्वतःच इंजिन बंद केलं. संप काढला तर जाळीचा निम्म्याहून जास्त भाग काळ्या खड्यांनी भरलेला, कॉफीच्या भुकटीसारखं दिसत होतं, बोटाने चुरडलं तर कडक. मी तिथेच उभा होतो, पोटात गोळा आला, कारण त्याच रविवारी बायको आणि मुलगी गाडीत होत्या.

पिकअप पाइप नवीन टाकला, नळ्या बदलल्या (रंकाळा भाऊ, खरंच बिस्किटासारख्या मोडल्या), एक बेअरिंग कॅप उघडून बघितली, शेल (बेअरिंगचे आतले पातळ पत्रे) घासलेले नाहीत. ५डब्ल्यू-४० घातलं, ५०२ ०० अप्रूव्हलवालं, साडेचार लिटरच बसलं. आता गरम असतानाचं प्रेशर वर्कशॉप मॅन्युअलच्या मापात आहे. सकाळची टकटक पहिल्या दोन दिवसांत कमी झाली, काल तर एका सेकंदाच्या वर नव्हती.

दोन शंका. एक, वितरकाकडे ५०४ ०० वालं ५डब्ल्यू-३० पण होतं, तो म्हणाला हे ५०२ पेक्षा वरचं, पुढच्या वेळी ते घेऊ का? दोन, बदलायचं कधी?

तेलकट_हात (नवी मुंबई)

वाचून जीव भांड्यात पडला. शेल वाचले म्हणजे इंजिन वाचलं.

५०४ ०० चाललं असतं, त्याचंही एचटीएचएस ३.५ च्या वरच असतं. पण ते मुख्यतः लांब अंतराने बदलायच्या हिशोबाने आणि नव्या गाड्यांचे एक्झॉस्ट फिल्टर जपण्यासाठी राख कमी ठेवून बनवलेलं आहे. तुमच्या गाडीला तो फिल्टरच नाही आणि तुम्ही लवकर बदलणार आहात, मग ५०२ वरच राहा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, गाडी शहरात पाच-पाच किलोमीटर चालली की ओलावा आणि पेट्रोल ऑइलात उतरतं आणि पूर्ण गरम झाल्याशिवाय ते उडत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. हे भरलेलं ऑइल २,००० ला काढा, त्यानंतरचं ५,००० ला, मग दर ७,५०० किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. घाट चढून आलात की बंद करायच्या आधी एक-दीड मिनिट न्यूट्रलला राहू द्या, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच भाजत बसत नाही.

रंकाळा_गॅरेज (कोल्हापूर)

२,००० च्या बदलीला जुना ऑइल फिल्टर फेकू नको. कापून आतला कागद उघड, पांढऱ्या फडक्यावर पसर, आणि उजेडात फोटो काढून इथं टाक. काळे कण असले तर अजून एक बदली लवकर करू, चमकणारे, म्हणजे धातूचे दिसले तर गाडी परत उभी कर आणि मला फोटो दाखवल्याशिवाय चालू करू नको.

कोथरूडचा_टर्बो

नक्की टाकतो. आज ओडोमीटर १,२४,३६० आहे, डिक्कीत चिठ्ठी चिकटवून ठेवली.